जुन्या मियाटाचा क्लच बदलायचाय, कुठला संच घ्यावा?

कृष्णाकाठ (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडून त्यांची १९९१ ची माझदा मियाटा घेतली. लाल रंग, दोन सीट, १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, ओडोमीटरवर १ लाख १८ हजार मैल. गाडीबरोबर त्यांनी एक वही दिली. ऑइल, टायर, बॅटरी, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. ती वही मी दोनदा पहिल्या पानापासून वाचली. क्लच बदलल्याची नोंद कुठेच नाही. म्हणजे हिरोशिमाच्या कारखान्यात बसवलेलाच क्लच अजून आत आहे असं धरून चाललोय.

आता त्याचे दिवस भरलेले दिसतात. सकाळी गाडी गार असताना रिव्हर्स टाकला की कर्र करून गिअरचे दात वाजतात. पेडल कधी नेहमीच्या जागी पकडतं, कधी पार तळाशी. चढ लागला आणि पाचव्यात जरा जास्त रेस दिली की आरपीएमचा काटा वर पळतो, वेग मात्र आहे तिथेच. शिवाय गाडी उभी असते तिथे गिअरबॉक्सच्या खाली बशीएवढा तेलाचा डाग पडतो.

पार्ट बघायला बसलो तर तीन वाटा दिसल्या. एक, मूळचा २०० मिमीचा साधा संच. दोन, १९९४ पासूनच्या १.८ इंजिनाचा २१५ मिमीचा संच, त्याला फ्लायव्हीलही (इंजिनाच्या टोकाला फिरणारी जड चकती) १.८ चंच लागतं. तीन, ज्याला इथे 'स्टेज टू' म्हणतात तो जड दाबाचा क्लच आणि त्यासोबत हलकं फ्लायव्हील.

गाडी रोजची नाही. एप्रिल ते नोव्हेंबर, शनिवार-रविवार. ट्रॅकवर न्यायची नाही, टर्बो लावायचा नाही. मुलगी सतराची होतेय आणि क्लच-गिअर शिकायचं तर याच गाडीवर, असा तिचा हट्ट आहे. काम मी आणि एक मित्र मिळून घरीच करणार आहोत. तुम्ही काय घ्याल?

खडकवासला (पुणे)

पार्टची यादी नंतर करू. तुमच्या वर्णनात एक नाही, दोन वेगळे आजार आहेत. रिव्हर्सला दात वाजतात म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. चढावर आरपीएम पळतो म्हणजे क्लच पूर्ण धरत नाही. सुटत नसेल तर बहुतेक वेळा दोष हायड्रॉलिकमध्ये (पेडलचा जोर तेलाने पोचवणाऱ्या भागात) असतो, प्लेटमध्ये (घर्षणाने जोर पोचवणाऱ्या चकतीत) नाही.

दोन तपासण्या करा. गाडी न्यूट्रलला ठेवून क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. या गिअरबॉक्सला रिव्हर्सचा सिंक्रो (दातांचा वेग जुळवणारी कडी) नाही, म्हणून आतला शाफ्ट थांबला नसेल तर तो लगेच ओरडून सांगतो. पाच मोजूनही दात वाजले तर क्लच सुटत नाहीये हे नक्की. मग खाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरचं (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचं) रबरी बूट बोटाने मागे सारा. आत ओल असेल तर तो सिलिंडर गेलाय. या गाडीत तो गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टवर असतो, गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो. पहिल्या पिढीच्या मियाटात जाणारा हा सगळ्यात नेहमीचा पार्ट आहे.

दुसरी तपासणी: मोकळ्या रस्त्यावर चौथ्यात साठ-सत्तर किलोमीटरवर रेस एकदम पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग हातात हात घालून चढले पाहिजेत. आधी आरपीएम उडाला आणि वेग मागून आला, तर प्लेट सरकतेय. एकदाच करा. पुन्हापुन्हा केलंत तर उरलेली प्लेटही जाळाल.

कृष्णाकाठ

दोन्ही केल्या. पाच मोजले, दात वाजले. बूट मागे घेतलं तर चमचाभर काळपट पाणी बोटावर आलं, ब्रेक ऑइलचा रंगच राहिला नव्हता. चौथ्यातल्या चाचणीत काटा २५०० वरून सरळ ४००० ला गेला, गाडीने मागून दोन सेकंदांनी वेग घेतला, आणि जळक्या ब्रेकसारखा वास आला. म्हणजे दोन्ही आजार खरे आहेत.

घर्षणबल (छत्रपती संभाजीनगर)

मी बावीस वर्षं क्लचच्या लायनिंगच्या (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराच्या) कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'स्टेज वन, स्टेज टू' हे शब्द कुठल्याही मानकातले नाहीत. एका कंपनीचा स्टेज वन दुसरीच्या स्टेज टू इतका असू शकतो. नाव सोडा, आकडे बघा.

क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाचे पृष्ठभाग किती, घर्षणांक किती, प्रेशर प्लेटचा (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या भागाचा) दाब किती आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या किती. या चारांचा गुणाकार म्हणजे क्लचची ताकद. तुमच्या इंजिनाचा टॉर्क साधारण १३६ न्यूटन-मीटर. धक्के आणि उष्णता यांसाठी त्यावर तीस टक्के शिल्लक धरली की १७५ च्या आसपास. प्लेटला दोन पृष्ठभाग, साध्या ऑर्गॅनिक लायनिंगचा घर्षणांक ०.३, आणि २०० मिमीच्या प्लेटची सरासरी त्रिज्या ८३ मिमी धरली, तर दाब लागतो सुमारे ३५०० न्यूटन. म्हणजे साडेतीनशे किलोचं वजन प्लेटवर ठेवल्यासारखं. एक टनाच्या आतल्या गाडीला एवढं पुरेसं आहे. तुमच्याच गाडीत तो क्लच तीन दशकं आणि लाखभर मैल टिकला, याहून चांगली परीक्षा कुठली?

स्टेज टूमध्ये बहुधा हा दाब वाढवतात. तो वाढला की पेडलही जड होतं, आणि क्लच दाबताना तेवढाच जास्त जोर रिलीज बेअरिंगमधून (क्लच सोडवायला दाबणाऱ्या बेअरिंगमधून) क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) थ्रस्ट बेअरिंगवर जातो. इंजिनाचा टॉर्क वाढवायचाच नसेल तर हे ओझं कशासाठी घ्यायचं?

आणखी एक. आताचं पेडल जड वाटत असेल तर त्यावरून नव्याचा अंदाज बांधू नका. डायफ्राम स्प्रिंगच्या क्लचमध्ये लायनिंग झिजत जातं तशी स्प्रिंगची बोटं बाहेर येतात आणि पेडल जड होत जातं. नवा साधा संच बसवलात की हलकेपणा पायाला लगेच कळेल. मुलीला शिकवायचंय ना, मग हेच सगळ्यात महत्त्वाचं.

ब्रँड विचाराल तर जपानी गाडीला जपानी क्लच कंपनीचा संच घ्या. एक्सेडीचा सहज मिळेल. तिचं जुनं नाव दायकिन, १९९५ ला एक्सेडी झालं. एसीवाली दायकिन वेगळी. आमच्या शहरातही तिचा कारखाना आहे, जुनी माणसं अजून त्याला सीके दायकिन म्हणतात.

रस्तावेडी (सॅन होजे)

माझी १९९० ची आहे, तीही १.६. ऑटोक्रॉस (मैदानात शंकूंमधून वळणावळणाची वेळेची स्पर्धा) करते म्हणून चार वर्षांपूर्वी हौसेने सिरॅमिक तुकड्यांची प्लेट आणि हलकं फ्लायव्हील बसवलं. स्पर्धेच्या मैदानात दोन मिनिटं फार छान वाटायचं. तिथे जायला मात्र १०१ हायवेवर तासभर गर्दीतून सरकायचं असतं. तुकड्यांची प्लेट अर्धी धरतच नाही. धरली तर पूर्ण, नाहीतर नाहीच. प्रत्येक सिग्नलला गाडी उडी मारायची किंवा बंद पडायची. मूळ फ्लायव्हील आठेक किलोचं, माझं त्याच्या निम्मं होतं. त्यामुळे आयडलवर गिअरबॉक्समधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट यायचा.

दीड वर्षात ते सगळं काढून साधा ऑर्गॅनिक संच आणि मूळ फ्लायव्हील परत बसवलं. ऑटोक्रॉस अजून करते, वेळेत काहीच फरक पडलेला नाही. शिकणाऱ्या मुलीच्या पायाखाली हलकं फ्लायव्हील अजिबात देऊ नका. जड फ्लायव्हील चुका पोटात घालतं. क्लच सोडताना रेस थोडी कमी पडली तरी इंजिन लगेच मरत नाही. हा आत्मविश्वास तिला पहिल्या आठवड्यात लागेल.

टेम्सकिनारा (रीडिंग, इंग्लंड)

स्टेज टू नको हे मान्य. पण २१५ मिमीचा पर्याय एवढ्या लवकर सोडू नका. १.८ चं फ्लायव्हील १.६ च्या क्रँकवर सरळ बसतं, गिअरबॉक्सला काही करावं लागत नाही. लायनिंगचं क्षेत्रफळ वाढतं, उष्णता जास्त जागेत पसरते, प्लेट जास्त टिकते. आमच्या इथल्या क्लबात अर्ध्या १.६ गाड्यांत आता २१५ आहे. जुनं फ्लायव्हील लेथवर पाठवायचं, तपासायचं, त्यापेक्षा भंगारातून १.८ चं आणलं तर खर्चात फार फरक पडत नाही. गिअरबॉक्स एकदाच उतरणार आहे, मग मोठाच का नको?

घर्षणबल

टेम्सकिनारा, तुमचं चुकत नाही. फक्त २१५ च्या नुसत्या व्यासाने किती मिळतं ते बघा. सरासरी त्रिज्या ८३ वरून ९० च्या आसपास जाते, म्हणजे त्याच दाबाला ताकद आठ टक्क्यांनी वाढते. बाकीची वाढ प्रेशर प्लेटच्या दाबातून येते. आयुष्य वाढतं हे खरं, पण कृष्णाकाठ वर्षातले आठ महिने फक्त शनिवार-रविवारी गाडी काढणार. २०० चा संच त्यांना वीस वर्षं पुरेल. भंगारातलं फ्लायव्हीलही शेवटी लेथवर न्यावंच लागतं, कारण त्यावर आधीच्या मालकाने काय केलंय हे आपल्याला माहीत नसतं.

टर्बो किंवा सुपरचार्जरचा विचार असता तर मी स्वतः २१५ सांगितला असता.

टेम्सकिनारा

ठीक. मी तरी २१५ च घेईन. वीस वर्षांनी गाडी कुणाच्या हातात असेल आणि तो तिला काय लावेल हे आज कसं सांगणार? पण त्यांच्या वापराला २०० पुरेल, हे मान्य.

दापोडीवाले काका (पिंपरी)

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालो. असली छोटी गाडी हाताखालून गेलेली नाही, पण क्लच शेकड्याने उतरवलेत. बसचा असो की तुमच्या खेळण्याएवढ्या गाडीचा, तत्त्व एकच. पोरांनो, तुम्ही प्लेटवर इतकं बोललात, बारक्या पार्टवर कुणीच बोलला नाही. परत गिअरबॉक्स उतरवायला लावतात ते हेच बारके.

रिलीज बेअरिंग नवं. पायलट बेअरिंग नवं, ते फ्लायव्हीलमध्ये दाबून बसवलेलं असतं, तिथेच ठोकून काढायचं. फोर्क (रिलीज बेअरिंग ढकलणारा दुबेळका) ज्या गोळीवर टेकतो ती गोळी आणि फोर्कची खोबण बघायची. झिजून खड्डा पडला असेल तर फोर्क बदला. फोर्कचं रबर फाटलं असेल तर तेही, नाहीतर चिखल आत जातो. संचात प्लेट, प्रेशर प्लेट आणि दोन्ही बेअरिंगं येतात. फोर्क आणि रबर येत नाही, ते वेगळं मागवा.

आवाज ओळखायला शिका. पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज किंवा पायलट बेअरिंग. पेडल सोडल्यावर आली आणि दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. ते नवा क्लच घालून जाणार नाही.

आतली धूळ फुंकर मारून किंवा हवा मारून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. तुमच्या प्लेटमध्ये आहे की नाही हे डोळ्याने कळत नाही, म्हणून आहे असंच समजून वागा. तोंडाला चांगला मास्क, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आमच्या वेळेला हे कुणी सांगितलं नाही. माझ्याबरोबरचे दोघे छातीच्या दुखण्याने गेले. कशाने गेले ते मी डॉक्टर नाही म्हणून सांगू शकत नाही, पण ती धूळ आम्ही सगळ्यांनी खाल्लीय.

हिरोशिमाकर (हिरोशिमा)

तेलाच्या डागाबद्दल लिहितो. इंजिनाच्या मागच्या सीलवर आळ घेण्याआधी इंजिनाच्या डोक्याच्या मागच्या टोकाला हात घाला. तिथे कॅम अँगल सेन्सर (इग्निशनची वेळ ठरवायला लागणारा) असतो, त्याला रबराची एक ओ-रिंग आहे. ती कडक होऊन तेल सोडते. ते तेल बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) पाठीवरून ओघळत खाली येतं आणि थेट मागच्या सीलच्या जागेवरून ठिबकतं. कितीतरी लोकांनी या ओ-रिंगपायी गिअरबॉक्स उतरवलेत. किंमत कपभर कॉफीची, काम अर्ध्या तासाचं. काढण्याआधी सेन्सरच्या जागेवर खडूने खूण करा, नाहीतर इग्निशनचं टायमिंग हलेल.

ठिबकणारं तेल बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला नाही. यावरून ते कुठून येतंय ते निम्मं कळतं.

ही गाडी इथे उजिना कारखान्यात जन्मली. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली, जपानात युनोस रोडस्टर नावाने विकली गेली. आजही शहरात रविवारी बाहेर पडलो की दोन-तीन दिसतातच. जुन्या मालकांसाठी माझदाने २०१७ मध्ये पहिल्या पिढीच्या गाड्यांच्या नूतनीकरणाची सेवा जाहीर केली आणि छताचं कापड, लाकडी स्टिअरिंग, मूळच्या मापाचे टायर असे काही पार्ट पुन्हा बनवायला घेतले. गाडी एवढी जुनी असूनही पार्टसाठी वणवण करावी लागत नाही, हे मोठं नशीब.

मांडवीतीर (पणजी)

तेच लिहायला आलो. आमच्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची गाडी बनायची, फायबरची बॉडी आणि रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. एक माझ्या चुलत्यांकडे आहे. गाडीच्या नावाने दुकानात गेलं की कुणाला काही कळत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सचा माग काढत जावं लागतं. जुनी प्लेट फडक्यात बांधून काउंटरवर ठेवायची, व्यास मोजायचा, मधल्या छिद्राचे दात मोजायचे, आणि मगच पैसे. कृष्णाकाठ, तुमचं नशीब चांगलं असलं तरी डबा उघडला की हे दोन आकडे ताडून बघाच. डब्यावरचं लेबल आणि आतला माल वेगळा निघालेला मी पाहिलाय.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: २०० मिमीचा साधा संच, मूळ फ्लायव्हील लेथवर, नवा स्लेव्ह, नवा मास्टर (पेडलकडचा सिलिंडर), मधला रबरी पाइप, दोन्ही बेअरिंगं, फोर्कचं रबर, कॅम सेन्सरची ओ-रिंग. मागचं इंजिन सील घेऊन ठेवतोय, बदलायचं की नाही ते आत बघून.

काका, स्लेव्ह जुना उघडून फक्त रबर बदललं तर चालेल का? रबराचा संच फार स्वस्त मिळतोय.

दापोडीवाले काका

सिलिंडरच्या आत बोट फिरवा. आरशासारखा गुळगुळीत असेल तर रबर बदला. एवढ्या जुन्या सिलिंडरमध्ये ओलाव्याने खड्डे पडलेले असतात. खड्डा असेल तर नवं रबर महिन्यात फाटतं. नवाच घ्या. आणि स्लेव्ह बदलताय तर मास्टरही बदला, हे ठीक केलंत. नव्या स्लेव्हचा दाब बसला की म्हातारा मास्टर गळायला लागतो.

सील कोरडं असलं तरी माझं मत बदलायचं. चौतीस वर्षांचं रबर लाकूड झालेलं असतं. पण एक लक्षात ठेवा, नवं सील जुन्याच्या पातळीलाच, कडेशी सपाट बसवायचं. ठोकताना वाकडं गेलं तर न गळणारं सील तुम्ही स्वतःच्या हाताने गळतं कराल. हात धजत नसेल आणि जुनं खरोखर कोरडं असेल, तर तसंच ठेवा.

कृष्णाकाठ

अपडेट. दोन शनिवार-रविवार गेले, गिअरबॉक्स खाली आला.

जे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते लिहितो, पुढच्याच्या उपयोगी पडेल. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपर्यंत) ॲल्युमिनियमचा एक लांब तुळईसारखा भाग आहे, पॉवर प्लान्ट फ्रेम. तो काढल्याशिवाय गिअरबॉक्स हलत नाही, आणि परत बसवताना गिअरबॉक्सची उंची जुळवावी लागते. म्हणून काढण्याआधी जमिनीपासूनचं माप घेऊन ठेवा. गिअर ऑइल आधी काढा, सुमारे दोन लिटर असतं. मी विसरलो. मागचा शाफ्ट ओढला आणि सगळं तेल माझ्या बाहीत. बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट मागून, गिअरबॉक्सच्या पाठीवरून, दोन फूट एक्स्टेन्शन लावून सुटतात. वरून प्रयत्न करू नका.

आता आतलं. प्लेट हातात घेतली तेव्हा एका बाजूला रिव्हेट लायनिंगच्या जवळजवळ पातळीला आले होते. नखाने चाचपलं तर नख अडतच नव्हतं. मॅन्युअलमध्ये रिव्हेटच्या वर निदान ०.३ मिमी लायनिंग उरलं पाहिजे असं आहे. फ्लायव्हीलवर निळसर डाग, मोराच्या पिसासारखे, आणि त्यांच्यामधून केसाएवढ्या बारीक रेघा. पायलट बेअरिंग बोटावर फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं कचकचत होतं. म्हणजे क्लच न सुटण्यात त्याचाही वाटा असणार.

बेलहाउसिंग मात्र आतून कोरडं! हिरोशिमाकर, तेल पूर्णपणे तुमच्या त्या ओ-रिंगचंच होतं. काढताना ती दोन तुकडे होऊन हातात आली, बांगडीच्या काचेसारखी.

सील कोरडंच होतं, तरी बदललं. काकांनी सांगितल्याप्रमाणे सपाट पातळीला, चारही बाजूंनी हलके ठोके देत, मध्ये-मध्ये बोट फिरवून बघत. पाऊण तास लागला.

घर्षणबल

त्या बारीक रेघा लेथवर गेल्या का? नखाला लागत असतील तर ते फ्लायव्हील वापरू नका.

कृष्णाकाठ

गेल्या. मशीन शॉपवाल्याने ग्राइंड करून, तडे तपासून दिलं. आता पृष्ठभाग राखाडी, एकसारखा. हात न लावता क्लीनरने पुसून ठेवलंय.

रस्तावेडी

बसवताना तीन गोष्टी जपा. प्लेटची दिशा: मधल्या स्प्रिंगचा उठावदार भाग गिअरबॉक्सकडे, फ्लायव्हीलकडे नाही. संचात प्लॅस्टिकचा दांडा येतो, तो घालूनच प्लेट मध्यावर धरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे आवळा, एका दमात नाही. टॉर्क फ्लायव्हीलच्या बोल्टांना साधारण १०० न्यूटन-मीटर, प्रेशर प्लेटला १८ ते २६. आणि शाफ्टच्या दातांना ग्रीस अगदी बोट पुसल्याएवढं. जास्त लावलं की फिरताना उडून लायनिंगवर बसतं आणि सगळी मेहनत वाया.

कृष्णाकाठ

बसलं. पण काल रात्री दहा वाजता शेवटचा बोल्ट आवळला, पेडल दाबलं आणि ते तळाशी जाऊन तिथेच राहिलं. पायाने उचलून वर आणावं लागतं. दोनदा एअर काढली, तरी तेच. काही उलटं बसलं का या काळजीने रात्रभर झोप नाही.

खडकवासला

घाबरू नका. मास्टर, पाइप आणि स्लेव्ह तिन्ही नवे आणि कोरडे आहेत, आत अजून हवाच आहे. असं करा: स्लेव्ह जागेवरून सोडा पण पाइप लावलेलाच ठेवा. त्याचा दांडा हाताने पूर्ण आत दाबा आणि एअरचा निपल सगळ्यात वर येईल असा सिलिंडर तिरका धरा. मित्राला पेडलवर बसवा. निपल उघडा, पेडल खाली, निपल बंद, पेडल हाताने वर. दांडा बाहेर उडू देऊ नका, आत दाबून धरा. टाकीतलं डॉट ३ (ब्रेक ऑइल) तळाला जाऊ देऊ नका, गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

कृष्णाकाठ

झालं! निपल वर धरल्यावर सातव्या-आठव्या वेळी फस्स करून बुडबुड्यांचा एक मोठा गोळा बाहेर आला आणि पेडल लगेच पायाला टेकलं. पेडलचा मोकळा खेळ मास्टरच्या दांड्यावर थोडा जुळवला.

पहिला फेरा फक्त गल्लीत मारला. रिव्हर्स पाच न मोजता, लगेच टाकला. काही आवाज नाही. आणि पेडल इतकं हलकं, की दोन वर्षं मी ज्याला या गाडीचा स्वभाव समजत होतो तो नुसता झिजलेला क्लच होता.

टेम्सकिनारा

अभिनंदन! पहिले पाचशे मैल शहरातच चालवा, सारखं थांबत-सुटत. चढावर अर्धा क्लच धरून उभं राहू नका, रेस पूर्ण दाबू नका. लायनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांवर नीट बसू द्या. मग चौथ्यातली ती चाचणी परत करून इथे लिहा.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितोय, पाचशे मैल व्हायला दोन महिने लागले. चाचणी केली. काटा आणि वेग एकत्र चढले. ड्राइव्हवेखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता, तो कोरडा आहे. स्लेव्हचं बूट पुन्हा मागे घेऊन बघितलं, तेही कोरडं.

मुलगी चौथ्या रविवारी गल्लीच्या चढावर गाडी न बंद पाडता सुटली. त्याआधी अकरा वेळा बंद पाडली होती. फ्लायव्हील मूळचंच ठेवलं याबद्दल रस्तावेडीताईंचे विशेष आभार. क्लचची नोंद वहीत तिनेच केली, आधीच्या मालकांच्या अक्षराखाली.

एक राहिलं. प्रेशर प्लेटच्या वेळी लागणारा तो प्लॅस्टिकचा दांडा माझ्याकडे पडून आहे, आणि बेलहाउसिंगसाठीचं लांब एक्स्टेन्शनही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क किंवा पेनसिल्व्हेनियात कुणी १.६ चं काम काढणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी सकाळी येऊन घेऊन जा, आणि हवं असेल तर मीही हाताखाली येतो.